पाव्हणं, आधी पाणी घ्या

थायलंडात राहायला जाणाऱ्या परक्या माणसाच्या हातात जाणकार लोक मोठ्या मायेनं एक यादी ठेवतात. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, अगदी लहान लेकराच्याही नाही. डोकं हा देहाचा सगळ्यांत पवित्र भाग. पाय कुणाकडं रोखून बसू नका, बुद्धमूर्तीकडं तर मुळीच नाही. पाय हा सगळ्यांत हलका भाग. देवळाच्या उंबऱ्यावर पाय देऊ नका, तो ओलांडा. घरंगळत जाणारं नाणं पायाखाली दाबून धरू नका, त्यावर राजाचा चेहरा असतो. रात्री शीळ घालू नका, ती ऐकून भुतं येतात. नव्या बाळाला सुंदर म्हणू नका. बुधवारी न्हाव्याचं दुकान बंद दिसलं तर रागावू नका. ही यादी वाचताना बीड जिल्ह्यातल्या माणसाची पंचाईत होते ती वेगळीच. यात परकं काय आहे, तेच त्याला कळत नाही. उंबऱ्यावर बसून भाकरी खाल्ली म्हणून त्यानं पाठीत धपाटा खाल्लेला असतो. रात्री शीळ घातली की आमच्याकडं भुताऐवजी साप येतो. गोजिरवाण्या लेकराच्या गालावर काजळाची तीट असते आणि आधीची लेकरं गेली असतील तर त्याचं नावच दगडू किंवा धोंडाबाई ठेवलेलं असतं, म्हणजे यमानंही यादी वाचताना नाक मुरडून पुढं जावं. न्हावी आमच्याकडं सोमवारी सुटी घेतो, एवढाच काय तो दोन संस्कृतींमधला फरक. बँकॉक आणि बीड यांच्यामध्ये अख्खा बंगालचा उपसागर पसरला आहे खरा, पण दोन्हीकडच्या आज्या एकाच शाळेत शिकल्या असाव्यात.

पायाचंच घ्या. थाई माणसाचा त्याबाबतचा हिशोब सरळ आहे: वरचं वर, खालचं खाली. आमचा इतका सरळ नाही. एसटीत शेजारच्याला चुकून पाय लागला तर लगेच त्याच्या अंगाला हात लावून तो आपल्या छातीशी न्यायचा, मग तो शेजारी घोरत का असेना. वही, पुस्तक, जुनं वर्तमानपत्र, धान्याची पाटी, केरसुणी, यांतल्या कशालाही पाय लागला तरी हीच शिक्षा. पण तोच पाय वडीलधाऱ्याचा असला की आपण होऊन वाकायचं आणि त्यावर डोकं ठेवायचं. म्हणजे पाय चालत येऊन आपल्याला लागला तर पाप आणि आपण चालत जाऊन त्याला लागलो तर पुण्य. पाय बिचारा दोन्ही वेळा तोच असतो, बहुधा तितकाच धुळीनं भरलेला. वारकऱ्यांनी तर या कोड्याचा भलताच निकाल लावून ठेवला आहे. आमचा मुलूख गडांचा. नारायणगड, गहिनीनाथगड आणि पलीकडं हद्दीला लागून भगवानगड. हे गड तटबुरुजांचे नाहीत, टाळमृदंगाचे आहेत. तिथल्या नारळी सप्ताहात सत्तरीचा माळकरी आणि विशीतला माळकरी समोरासमोर आले की दोघेही एकाच क्षणी एकमेकांच्या पायांशी वाकतात. कुणी कुणापुढं झुकायचं या प्रश्नावर जगात लढाया झाल्या. इथं दोघांनी एकदम खाली जाऊन तो प्रश्नच वर हवेत सोडून दिलेला असतो. लांबून पाहणाऱ्या परक्याला वाटतं, दोघांचं मिळून काहीतरी मातीत सांडलं आहे आणि ते शोधताहेत.

असा परका आमच्याकडं येतो तो बहुतेक बदली होऊन. बँकेत, तहसिलीत, परळीच्या औष्णिक केंद्रात, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात. परवापरवापर्यंत बीड शहराला रेल्वेसुद्धा नव्हती. ती १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून आली, तोवर किती पिढ्या सर्वेक्षणाच्या खुंट्या बघत म्हाताऱ्या झाल्या. त्यामुळं बीडला बदली झाली म्हटलं की पुण्याकडच्या घरांत अजून वनवासाचा हुकूम वाचल्यासारखी शांतता पसरते. अलीकडं जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत ज्या कारणांनी येतं, त्यामुळं घरच्यांनी देवही पाण्यात घातलेले असतात. आणि या घाबरलेल्या माणसासाठी कुणी एक पानाचीही यादी केलेली नाही. तो बिचारा एक पिशवी, एक गादी आणि 'आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात' एवढं तत्त्वज्ञान घेऊन भाड्याच्या खोलीत उतरतो.

पहिल्याच संध्याकाळी घरमालकांच्या म्हाताऱ्या आई ओट्यावरून विचारतात, "साहेब, जेवलाव का?" साहेब खरं बोलायच्या संस्कारात वाढलेले. "नाही अजून," म्हणतात. झालं. दहाव्या मिनिटाला त्यांच्यापुढं बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि मिरचीचा ठेचा येतो आणि म्हातारी समोर बसून एकेक घास मोजते. थायलंडातही रस्त्यात भेटलेला माणूस 'भात खाल्लास का' असंच विचारतो, 'कुठं निघालास' असंही विचारतो आणि त्याला उत्तराची फारशी अपेक्षा नसते. आमच्याकडंही नसते, पण उत्तर आलंच तर त्यावर अंमलबजावणी होते, ही इथली अधिकची तरतूद. 'कुठं निघालाव' हा प्रश्न तर दुहेरी अडचणीचा. बाहेर पडणाऱ्याला 'कुठं' म्हणून टोकलं तर काम होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण विचारल्याशिवाय राहवतही नाही. म्हणून मध्यममार्ग काढलेला आहे: "लांब का?" एवढंच विचारायचं. त्यावर हातात बॅग, डोक्याला रुमाल, बरोबर बायकोपोरं आणि तुळजापूरची तिकिटं असलेला माणूसही शांतपणे सांगतो, "न्हाई न्हाई, हितंच." विचारणाऱ्याचं समाधान होतं, सांगणाऱ्याचं गुपित राहतं आणि एसटी सुटते.

मग प्रश्नांची दुसरी फेरी. गाव कोणतं, वय किती, लेकरं किती, पगार हातात किती पडतो, घर बांधलंय का. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. थाई माणूसही वय विचारायला कचरत नाही म्हणतात. समोरच्याला थोरला भाऊ म्हणायचं की धाकटा, हे ठरल्याशिवाय त्याचं बोलणं पुढं सरकत नाही. आमचंही तेच. नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे माणसाला उघड्यावर उभं करणं. म्हणून प्रत्येकाला काहीतरी पांघरूण घालावं लागतं; दादा, अण्णा, आप्पा, तात्या, बाप्पा. (बाप्पा म्हणजे इथं गणपतीच असतो असं नाही, पिळदार मिशीचा, फटफटीवरून बाजाराला जाणाराही असतो.) आठवडा उलटायच्या आत साहेबांना मालकांचं पोरगं मामा म्हणू लागतं. मामा म्हटलं की मालकीणबाई बहीण झाल्या. बहीण झाली की राखी आली, भाऊबीज आली, ओवाळणीचं ताट आलं. भाडेकरारावर नोटरीचा शिक्का असतो, पण त्यात यातलं एक अक्षरही नसतं. थायलंडच्या यादीचा सूर 'हे करू नका, ते करू नका' असा असतो. आमची यादी कधी कुणी केलीच तर ती एका ओळीची होईल: परकं राहू नका. बाकी सगळं माफ आहे, तेवढं नाही.

या परकेपणावरचा आमचा पहिला उपाय म्हणजे पाणी. आल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या. चहा नंतर, नाव त्याच्याही नंतर. तांब्या ओठांना न लावता वरून धार धरायची, हे साहेबांना जमत नाही. पहिल्या दिवशी अर्धं पाणी शर्टावर जातं आणि घरातली पोरं तोंड फिरवून हसतात. पण सांडलेल्या त्या घोटभर पाण्याकडं घरची बाई जरा जास्त वेळ बघते, हे त्यांच्या लक्षात यायला एक उन्हाळा जावा लागतो. बालाघाटच्या पठारावरचा हा मुलूख पावसाच्या मर्जीवर जगतो. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत; २०१२-१३ आणि २०१५-१६ चे उन्हाळे तर टँकरच्या घरघरीतच गेले. बीड शहराजवळ निजामशाहीच्या काळातली खजिना विहीर आहे. पाण्याच्या जागेला आम्ही खजिना म्हणतो, यातच सगळा हिशोब आला. जिथं पाणी मोजून भरतात तिथं ते न मोजता देणं हीच श्रीमंती, आणि ती मिरवायला आम्हाला आवडते. पण इथं थोडं अडखळायला हवं. तो तांब्या सगळ्यांसाठी कधीच एक नव्हता. ओट्यावर बसवून विचारलेला 'गाव कोणतं' हा प्रश्न गावाशी थांबत नाही, आडनावापर्यंत जातो आणि आडनाव कळलं की काही घरांत तांब्या बदलायचा. काही घरांत आजही प्रश्न जरा जास्तच गोड आवाजात विचारला जातो. २०२५ साली बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलांवर आडनाव नसलेल्या, नुसत्या नावाच्या पाट्या ठेवायला लावल्या. नुसत्या नावानं हाक मारणं ज्या जिल्ह्यात उद्धटपणा, तिथं शेवटी तोच शिष्टाचार सरकारी हुकमानं आणावा लागला. मला तो हुकूम आवडला. हवालदाराला 'बाप्पा' म्हणायची सोय तरीही शिल्लक राहतेच.

आग्रहाबद्दल फार लिहीत नाही. ते महाराष्ट्रभर सारखंच आहे. फक्त एवढं की आमच्याकडचं पहिलं 'नको' मोजतच नाहीत, दुसरं सभ्यपणाचं असतं आणि तिसरं ऐकेपर्यंत भाकरी ताटात पडलेली असते. भाकऱ्या कितव्या हे विचारायचं नसतं. हुरड्याला बोलावलं तर आगटीभोवती बसून तळहात भाजून घ्यायचे आणि पैशाचं नाव काढायचं नाही. लातूरच्या बाजूच्या आमच्या गावांत वेळ अमावस्येला ज्याला शेत नाही त्याची तर फारच दैना; त्याला चार शेतांची बोलावणी असतात आणि चारही ठिकाणी भज्जी आणि आंबील पोटात घालून यावी लागते. सीताफळाच्या दिवसांत निघताना पिशवी जड होते. आणि शेजारून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा कायदा तर देवानं स्वतः लिहिल्यासारखा पाळतात.

या भांड्याच्या कायद्यानं आमच्या लहानपणी एका जर्मनच्या डब्याला जन्मठेप झाली होती. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद. त्या काळाची अदब गल्लीत मागं राहिली होती, विशेषतः आमच्या पलीकडच्या घरातल्या खालांच्या बोलण्यात. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा. तो धुऊन रिकामा कसा द्यायचा, म्हणून आई त्यात काहीतरी घालायची, कधी शेंगदाण्याचे लाडू, कधी नुसता गूळ. मग खालांना प्रश्न पडायचा, लाडवांचा डबा रिकामा कसा पाठवायचा. त्यातून खजूर यायचा. दिवाळीला करंज्या जायच्या, शब-ए-बारातला हलवा यायचा. डबा मुळात कुणाचा होता हे दोन्ही घरं विसरली. तो मोडीत घालायचा विषय एकदा निघाला तेव्हा तो दुसऱ्या घराचा असल्याची खात्री दोन्ही घरांना होती, म्हणून तो वाचला. शिष्टाचाराचा हा असा एक प्रकार आहे की त्यात मालकी पातळ होत होत नाहीशी होते आणि उरतो तो फक्त एक पोचे पडलेला डबा, गल्ली ओलांडत राहणारा.

खरं तर या जिल्ह्यात बाहेरून येऊन कायमचं राहिलेलं पहिलं माणूस म्हणजे देवी. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. कुठं समुद्राकाठचं नारळीपोफळीचं कोकण आणि कुठं हे काळ्या दगडाचं पठार. आख्यायिका अशी की परळीच्या वैद्यनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. गावाजवळ लेण्यांत दगडी हत्ती आहेत, त्या जागेला हत्तीखाना म्हणतात. ते त्या वऱ्हाडातलेच असं मानणारे आहेत. देवी परळीला गेली नाही, कोकणातही परतली नाही. इथंच राहिली, कुमारिका म्हणून. परळी इथून अवघी पंचवीस किलोमीटर. दर वर्षी कोकणी कुटुंबं पुण्यामुंबईहून दर्शनाला येतात, ओटी भरतात, ऊन फार आहे म्हणतात आणि घाईनं परततात. लेक सासरी न जाता भलत्याच गावी राहिली, तर माहेरची माणसं येऊन जातात तसे. गावानं तिला कधी विचारलं नाही की मुहूर्त कुणामुळं टळला. आमच्याकडं एवढे प्रश्न विचारतात, पण हा नाही विचारत. काय विचारू नये हेही कुठंतरी ठरलेलं असतं.

गंमत पुढंच आहे. ज्या मुलखात एका टळलेल्या मुहूर्तानं हत्तींचे दगड झाले, तिथं आज एकही लग्न वेळेवर लागत नाही. पत्रिकेत दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं छापलेलं असतं. ती पस्तीस मिनिटं कुणीतरी पंचांगात डोळे घालून काढलेली असतात. साहेब सव्वाबाराला मंडपात हजर होतात. तिथं एक कुत्रं, एक मांडववाला आणि खुर्च्या. अडीचला नवरदेव वेशीवर नाचत असतो. साडेतीनला अक्षता पडतात आणि त्याआधी फेटे, पुढाऱ्यांचे सत्कार, आशीर्वादपर भाषणं, कारण आल्या पुढाऱ्याचं नाव माईकवर न घेणं हा मुहूर्त चुकण्यापेक्षा मोठा गुन्हा. वऱ्हाड मात्र टुणटुणीत असतं. मला वाटतं, दगड व्हायचा आमचा कोटा त्या पहिल्याच लग्नात संपून गेला.

लग्नावरून जावई आठवला. परक्याशी कसं वागावं याचा आम्ही केलेला सगळ्यांत पक्का अभ्यास म्हणजे जावई. तो पाव्हणा म्हणूनच येतो आणि शेवटपर्यंत पाव्हणाच राहतो. अधिक महिन्यात त्याला धोंड्याचं जेवण, कपडे, चांदीचं ताम्हन. त्याच्यापुढं सासऱ्यानंही मोठ्यानं बोलायचं नाही. पण केज तालुक्यातल्या विडा गावाला हे इतकं अदबीचं ओझं बहुधा पेललं नाही. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाला धरून गाढवावर बसवतात, गळ्यात खेटरांचा हार घालतात आणि वाजतगाजत गावभर मिरवतात. ऐंशी-नव्वद वर्षांची ही चाल देशमुखांच्या घरातून सुरू झाली असं सांगतात. मिरवणूक मारुतीच्या देवळाशी आली की त्याच जावयाला नवे कपडे, सोन्याची अंगठी, सगळा मान. सण जवळ आला की विड्याचे जावई गावातून गायब होतात आणि पोरांची पथकं त्यांच्या मागावर निघतात, रात्री पहारे बसतात. मला यात फार शहाणपण दिसतं. वर्षभर ज्याला पंगतीच्या मधोमध बसवून परकं ठेवलं, त्याला एक दिवस गाढवावर बसवून गावचा करून टाकायचं. आपल्या माणसाचीच अशी फजिती करता येते. परक्याची केली तर पोलीस केस होते.

आणि सून? तिच्यासाठी ना गाढव, ना अंगठी. बदली होऊन आलेला साहेब तीन वर्षांत परत जातो. सून कायमच्या बदलीवर येते, वयानं कोवळी येते, आणि सगळ्यांत लांब यादी तिचीच असते. सासऱ्यापुढं बाजेवर बसू नये. पदर डोईवरून ढळू नये. दिवेलागणीला केर काढू नये, मीठ उसनं देऊ नये. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते जेवावं आणि उरलं नाही हे कुणाला कळू देऊ नये. नवऱ्याचं नाव तोंडातून काढू नये. माझी आजी पाटोद्याकडून अशी आली होती. घर वारकरी, आणि आजोबांचं नाव विठ्ठल. पंढरीच्या वाटेवर हजारो माणसं ज्या एका नावाचा गजर करतात, नेमकं तेच नाव तिला बंद. ती वारीला जायची, टाळ्या वाजवायची, फुगडी खेळायची, भोवतीच्या बायका 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून बेभान व्हायच्या आणि ही त्याच ठेक्यात, तितक्याच तल्लीनतेनं 'पांडुरंग पांडुरंग' म्हणायची. ताल दोन मात्रांनी लांबायचा, तिला त्याचं काही वाटायचं नाही. रेशनकार्डावर नाव लिहिताना कारकुनानं विचारलं तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. कारकून माळकरी होता, त्यानं मान वर करून बघितलं आणि बरोबर लिहिलं. देवाला हे सगळं चालत असावं, कारण पंढरपुरात देव स्वतःच रुक्मिणीपासून वेगळ्या गाभाऱ्यात राहतो. घरातल्या रीतीभातींबद्दल तो बोलणार तरी काय. आजोबा गेल्यावर मी एकदा तिला म्हटलं, "आता घे की नाव, आता कोण बोलणार आहे?" ती म्हणाली, "सवय झाली बाबा पांडुरंगाची." आणि तांदूळ निवडत राहिली.

दसरा उलटला की मात्र सगळं उलटं होतं. आमचीच माणसं परकी व्हायला निघतात. राज्यात ऊस तोडायला सगळ्यांत जास्त माणसं पाठवणारा जिल्हा हा आमचाच. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको निघतात. त्या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणून मोजतात. ट्रकमध्ये भांडी, पोरं, शेरडं, कोंबड्या, एखादी म्हातारी. मग कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. तिथल्या हालअपेष्टांबद्दल लिहिणारे लिहितात, ते लिहायलाच हवं. माझा विषय इथं रीतींपुरता. तर तिथं उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीला दार नसतं. उंबरा नसतो. तरी बाई समोर हातभर जागा सारवते, चपला त्या सारवणाच्या बाहेर राहतात आणि दुसऱ्या कोपीतला माणूस आला तर बाहेर खाकरून थांबतो, आतून 'या' आल्याशिवाय वाकत नाही. पाण्याला मालकाच्या विहिरीवर जावं लागतं, तिथं कुणी पाणी देतं, कुणी वेळ ठरवून देतं. एखाद्या घरची माउली ताकाची चरवी पाठवते, ती चरवी परत जाताना तळाशी मूठभर ज्वारी असते. वीस-वीस हंगाम एकाच गावात ऊस तोडूनही या माणसांना तिथं नाव पडलेलं असतं ते 'बीडवाले'. मामा नाही, अण्णा नाही, बाप्पा नाही. ज्यांच्या गावात परक्याला आठवड्याभरात मामा करतात, ते दुसरीकडं वर्षानुवर्षं जिल्ह्याच्या नावानं ओळखले जातात.

तेव्हा बीडला बदली झालीच तर घाबरू नका. तांब्या वरून प्या, पगार थोडा कमी सांगा आणि दुपारी साडेबारा ते दोन या वेळात कुणाच्या दारावरून जाऊ नका, गेलात तर जेवूनच निघावं लागेल. आणि उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनो, यंदा तुमच्या शिवारात टोळी उतरली तर त्यांना गाव विचारा. धारूर, वडवणी, शिरूर कासार, असं काहीतरी सांगतील. मग जेवलाव का म्हणून विचारा. उपाशी असले तरी जेवलो म्हणतील. तीनदा विचारा.